काकीच्या घरचा धूर

आमच्या शहापूर-मुरबाडकडे दान बहुतेक मुंबईहून येतं. भातसा धरणाचं पाणी इकडून तिकडे जातं आणि पाणी गाळायचं यंत्र तिकडून इकडे येतं. तसं एक यंत्र मी बरीच वर्षं रोज पाहिलं. त्यावर दात्याच्या आईवडिलांचा फोटो होता, खाली ठळक नाव होतं, आणि नळाला पाणी नव्हतं. मास्तरकीत मी अशी पुष्कळ दानं टेम्पोतून उतरवून घेतली. दप्तरं आली, त्यांवर शेठजींच्या नावाला जागा होती, पोराच्या नावाला नव्हती. बाकं आली, ती खरंच मजबूत होती. पण पाठीच्या फळीवर नाव असं उठावदार कोरलेलं की टेकून बसलं की अक्षरं पाठीत रुतायची.

मी कुरकुऱ्या माणूस आहे हे आधीच सांगून ठेवतो. बायको म्हणते, तुम्हाला कुणी सोन्याचं ताट दिलं तरी तुम्ही विचाराल, वाटी कुठाय? तिचं म्हणणं खरं आहे. पण आमटी वाढायची वेळ आली की वाटी लागतेच.

तेव्हा मी कुणा दात्या बाईचं कौतुक लिहायला बसलोय हे आळीत कळलं तर लोक मला ताप आलाय का म्हणून विचारतील. ताप नाही. या बाई मुंबईच्या, वयानं सत्तरीच्या, नवऱ्यामागे त्यांचा ट्रस्ट चालवणाऱ्या. दर हिवाळ्यात, भात झोडून झालं की, त्यांच्या ट्रस्टतर्फे मोतीबिंदूचं शिबिर भरतं. गावोगाव गाडी फिरते, म्हाताऱ्यांना तपासून रुग्णालयात नेते, ऑपरेशन करून दारात आणून सोडते. डॉक्टर चांगले, भिंग चांगलं, वागणूक चांगली. खोट काढायला मी गेलो होतो आणि हात हलवत परत आलो होतो. आमच्या बाजूची कितीतरी म्हातारी माणसं त्या बाईंमुळे आज तांदळातला खडा वेचतात.

फक्त आमच्या काकीचा डावा डोळा त्याच शिबिरानंतर गेला.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिचं घर आणि आमचं घर यांत एक भिंत. मूलबाळ नाही, काका तरुणपणीच गेले. काकांच्या माघारी ती एका लग्नात जेवायला बसली असताना कुणीतरी काहीतरी कुजकट बोललं. त्या दिवसापासून तिनं कुणाच्याही घरचं जेवण सोडलं. चहा घेईल, पान घेईल, जेवणार नाही. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून ती घरी गेली आणि स्वतःच्या चुलीवर भात टाकून जेवली. बोलायला तिखट, कामाला वाघ. शेत अर्धेलीनं दिलेलं, चार कोंबड्या, परसात वाल आणि वांगी. कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही.

तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही नवराबायको लेकीच्या घरभरणीला कल्याणला होतो. रुग्णालयातून तिला काळा गॉगल मिळाला, थेंबांच्या बाटल्या मिळाल्या आणि छापील कागद मिळाला: धूर, धूळ आणि पाणी यांपासून डोळा जपावा, वाकू नये, वजन उचलू नये. कागद बरोबर होता. पण ज्या घरात एकच माणूस, त्या माणसानं वाकायचं नाही तर चूल कुणी फुंकायची? गॅस होता तिच्याकडे, सगळ्यांना मिळाला तसाच. सिलिंडर संपला तो संपलाच, वर फडकं घालून कोपऱ्यात उभा. काकी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी चुलीशी बसली. फुंकणीनं जाळ केला, डोळ्यातून पाणी आलं ते पदरानं पुसलं. आम्ही परत आलो तेव्हा डोळ्यात पू झाला होता. पुढे तो डोळा गेला. उजवा राहिला आणि त्यातही मोतीबिंदू पिकत आला.

म्हणजे आता एकच डोळा, आणि तोही ऑपरेशनशिवाय जाणार. ऑपरेशन केलं तर चुलीपायी जाण्याची भीती. काकी म्हणाली, "नको ते शिबिर. असा जाईल तवा जाईल. निदान चाचपडत चूल तरी पेटवीन." तिच्या तोंडून असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि नेहमीप्रमाणे वाईट वाटल्यावर राग आला.

तो राग काढायला जागाही मिळाली. पुढच्या शिबिराच्या आधी मुरबाडला बाईंचा सत्कार होता. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, पाच-सहा भाषणं, आणि शेवटी आभार मानायला मी, कारण निवृत्त मास्तर फुकट मिळतो आणि त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मी सगळ्यांचे रीतसर आभार मानले, मंडपवाल्याचेसुद्धा. आणि मग म्हणालो, "बाई, आमच्या काकीला तुम्ही एक डोळा दिलात, तो चुलीनं नेला. आता दुसरा उरलाय. तो तुम्ही द्याल, याबद्दल मला शंका नाही. पण तो दिल्यावर तिची चूल कोण पेटवणार, तेवढं कुणीतरी सांगा." माईकवाल्यानं माईक बंद केला. संयोजक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या पानात माती कालवलीय.

बाईंनी मला खाली बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "सत्काराला आलेल्या माणसाला कोण सांगणार?" त्यांनी अंगावरची सत्काराची शाल काढून ठेवली. मग म्हणाल्या, "काकींना घेऊन या तुम्ही. या वेळी जेवणाचं मी बघते." बाईंबद्दल माझ्या मनात आदर बसला तो तिथे. माणसं पैसे देतात, पण चारचौघांत ऐकून घेत नाहीत. यांनी ऐकून घेतलं.

काकीला तयार करताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं, जेवणाची सोय मोठ्या माणसानं केलीय, तुला चुलीकडे बघायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, "बघू तर." ऑपरेशन छान झालं. रुग्णालयाच्या गाडीनं संध्याकाळी तिला घरी सोडलं. थेंब घालायचं काम माझं. माझी बायको लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला गेलेली होती, त्यामुळे आमच्या घरातही मी एकटाच. मला चहा येतो आणि अंडं उकडता येतं. काकीला मी सकाळी चहा नेऊन दिला. "तुझी चूल मी पेटवू का?" असं विचारायचीही सोय नव्हती, कारण बाप्याच्या हातची चूल ही गोष्ट काकीच्या जगात बसत नव्हती. पण डबा येणार होता. माझ्या मनात असं की हे काही कुणाच्या घरचं जेवण नाही, दवाखान्याचं आहे, औषध म्हणून घेईल ती.

डबा दुपारी आला. मी आडवा झालो होतो. बाईंनी खरोखर कसूर केली नव्हती. गरम राहणारा चकचकीत डबा, त्यात मऊ भात, वरण, भोपळ्याची भाजी, तूपसुद्धा वेगळ्या डबीत. गाडीवाल्याला अजून बरीच गावं करायची होती, पार शेणवे गावापर्यंत जायचं होतं. मुंबईत पार्सल पोचवतात तसं त्यानं केलं. दार लोटलेलं होतं, त्यानं हाक मारली नाही. डबा उंबऱ्याशी ठेवला, मोबाईलवर फोटो काढला आणि निघून गेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारीपाजारी शिजवून आणतात. आणणारा हाक मारत नाही, आत येत नाही. भांडं उंबऱ्याशी ठेवतो आणि मागे न बघता परत जातो. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, बघून बघून येतं. आळीतली एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं काकीच्या कौलांकडे बघितलं. कालपासून धूर नाही. उंबऱ्याकडे बघितलं तर परक्या घरचं जेवण ठेवलेलं. दाराच्या फटीतून बघितलं तर काकी पांढरी चादर पायापासून गळ्यापर्यंत ओढून उताणी पडलेली. डॉक्टरांनी कुशीवर झोपू नका म्हणून सांगितलं होतं. बाईनं भारा अंगणात टाकला आणि असा गळा काढला की मी खाटेवरून उठून उभा राहिलो.

मी बाहेर येईपर्यंत माणसं जमायला लागली होती. बाप्यांनी खांद्यावर टॉवेल टाकले होते. एक जण बांबू बघायला निघालाही होता. कुणीतरी मुरबाडला काकीच्या भावाच्या घरी फोन लावत होतं. दोन बाया उंबऱ्याबाहेर बसून काकीचे गुण आठवून आठवून रडत होत्या, त्यांतल्या एकीशी काकीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मी "अरे थांबा, अरे थांबा" म्हणत होतो, पण त्या रडण्यात माझा मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज कुणाच्या कानावर जाईना.

तेवढ्यात आतून काकी म्हणाली, "कोन मेलं गो?"

रडणं एकदम थांबलं. पुढे बसलेली बाई मागच्या बाईच्या अंगावर पडली. काळा गॉगल लावून, भिंत धरत धरत काकी दारात आली. पायाला डबा लागला. तिनं वाकू नये म्हणून मीच तो उचलला आणि काय आहे ते सांगितलं. काकीच्या लक्षात सगळं एका क्षणात आलं. जे माझ्यासारख्या शिकलेल्या आणि तिथंच जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते मुंबईच्या बाईंच्या तरी कसं यावं?

"माजं सुतकाचं जेवन आनलं? मी जिती असताना?" काकी कडाडली. "आनि तुमी सगळे टॉवेल घेऊन उभे! सरा बाजूला. चूल पेटल्याबिगर तुमाला खरं नाय वाटायचं. धूर निघाया हवा माज्या घरातून." तिनं कोनाड्यातली काडेपेटी चाचपून काढलीसुद्धा.

"काकी, डोळा जाईल," मी म्हणालो. "एकच आहे आता."

"जाऊ दे. तुमी मला जाळाया निघालेत, न डोल्याची काळजी करताय!"

मी बायांकडे बघितलं. एवढ्या बाया उभ्या आहेत, कुणीतरी पुढे व्हा की. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. मयताला म्हणून घरातून निघालेल्या बाईनं डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय कुणाच्याही चुलीला शिवायचं नाही, ही आणखी एक रीत. मयत नसलं म्हणून काय झालं, निघाल्या तर त्या मयतालाच होत्या. एक जण म्हणाली, "मास्तर, आंघोळ करून येतेच मी." तिचं घर आळीच्या पार टोकाला. काकी तोवर कसली थांबते? ती आत वळलीच होती.

अंगणाच्या कडेला तोवर मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतल्या या बाई मुंबईला सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीची साडी, मोठा आवाज, कुणाला भीक न घालण्याचा स्वभाव, म्हणून सगळी आळी त्यांना मॅडम म्हणते, थोडं मानानं आणि थोडं चिडवून. काकी गेल्याचं ऐकून त्या परसातल्या झेंडूचा हार करून घेऊन आल्या होत्या. सगळं बघून त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. मग हातातला हार कुठे ठेवावा कळेना, तो माझ्या हातातल्या डब्याला घातला आणि सरळ ओटीच्या पायरीशी आल्या.

"ती काडेपेटी इकडं दे, काकी."

 मॅडमची आई काकीच्या सासऱ्याच्या शेतात राबायची. ती अंगणाच्या कडेला, बरोबर जिथून मॅडम आत्ता चालत आल्या तिथे उभी राहायची आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायची. ते पाणी ओतताना मी काकीला लहानपणी पाहिलेलं आहे. पुढे मॅडम शिकल्या, नोकरीला लागल्या, गावात जमीन घेतली, ग्रामपंचायतीत भांडल्या. पण या ओटीची पायरी ना आई चढली होती ना लेक.

"तुमचा विटाळबिटाळ मला नाय लागत," मॅडम आळीतल्या बायांकडे बघून म्हणाल्या. "आमच्या आजोबानं धम्म घेतला तवाच तो सोडून दिला. दे, काकी. डोळा फुकट घालवू नको."

काकी काडेपेटी छातीशी धरून उभी होती. काळ्या काचांमागे काय चाललंय कळत नव्हतं.  मग तिनं हात पुढे केला.

"काटक्या माळ्यावर हायेत," ती म्हणाली. "खालच्या घेऊ नको गो, ओल्या हायेत. लई धूर करतात."

"धूरच पायजे ना तुला?" मॅडम म्हणाल्या, आणि पायरी चढून, ओटी ओलांडून आत गेल्या.

मी काकीला वाऱ्याच्या उलट बाजूला आमच्या ओटीवर नेऊन बसवलं. आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला. काकी मान वर करून बसली होती. "निघतोय काय रे धूर?" तिनं विचारलं. कौलांच्या फटींतून पहिल्यांदा पातळ आणि मग चांगला दाट धूर वर यायला लागला होता. मी म्हटलं, "निघतोय." रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "जिती हाय म्हातारी!" काकीनं त्याला तिथूनच एक सणसणीत शिवी घातली. त्या दिवशी ती स्वतःच्या घरचे तांदूळ, स्वतःच्या चुलीवर मॅडमनी शिजवलेले, दोनदा मागून जेवली. मला वाढलं नाही. मी डबा खाल्ला, तूप चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची गाडी आळीच्या तोंडाशी थांबली. झालं असं होतं की संध्याकाळी गाडीवाला रिकामा डबा न्यायला आला, तेव्हा त्याला झेंडूचा हार घातलेला डबा दिसला. सवयीनं त्यानं त्याचाही फोटो काढून पाठवला. तो बघून बाईंना जे वाटायचं ते वाटलं. पांढरी साडी नेसून, गंभीर चेहऱ्यानं त्या चालत चालत वर आल्या आणि बघतात तो काकी ओटीवर गॉगल लावून वालाच्या शेंगा सोलतेय.

"बस बाय," काकी म्हणाली. ती कुणालाच अहोजाहो करत नसे. "मेले नाय मी."

बाई पायरीवरच बसल्या. आधी हसल्या. मग मी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी माफी मागितली, काकीचा हात धरून. आणि कुणी न विचारता म्हणाल्या, "आमच्याकडे हे गेले तेव्हा जेवण केटररकडून आलं. पेट्यांवर पेट्या. आमच्या मजल्यावरच्या एका घरातूनही कुणी ताट घेऊन आलं नाही. सगळ्यांनी फुलं पाठवली." एवढ्या मोठ्या बाई, पण हे सांगताना त्यांचा आवाज लहान झाला. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. इतकी वर्षं मी दात्यांची नावं वाचून चिडत आलो, त्यांच्या घरात कुणी ताट घेऊन जातं का, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

"मग मी काय करू, सांगा," बाई म्हणाल्या.

काकी शेंग सोलायची थांबली. "डबा नको धाडू गो बाय. मानूस धाड. माज्या घरचे तांदूळ हायेत, मीठ हाय, लाकडं हायेत. हात नाय."

आतून मॅडमनी चहा आणला. तिन्ही म्हाताऱ्या ओटीवर बसून चहा प्याल्या. बाई निघताना मॅडमना बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होत्या.

त्या बोलण्यातून जे निघालं ते आज आमच्या बाजूच्या पुष्कळ गावांत चालतं. शिबिराच्या दिवसांत प्रत्येक गावातल्या एक-दोन बायका ट्रस्टच्या पगारावर असतात. ऑपरेशन झालेल्याच्या घरी जाऊन, त्याच्याच घरचं धान्य त्याच्याच चुलीवर शिजवायचं, पाणी भरायचं, थेंब घालायचे, डोळा ठरेपर्यंत. बायका निवडायचं काम मॅडमचं. त्या पगार घेत नाहीत आणि सगळ्यांना ओरडतात. ट्रस्टच्या बैठकीत यावर बराच वाद झाला म्हणे. एका गृहस्थांनी विचारलं, यात दाखवायचं काय आणि फलक लावायचा कुठे? बाई म्हणाल्या, "मग दाखवू नका." हे मला मॅडमनी सांगितलं, त्या बैठकीला त्या गेल्या होत्या. कुरकुरीची सवय म्हणून मी पुढे एकदा बाईंना त्यांच्या रुग्णालयासमोरच्या संगमरवरी कमानीबद्दल छेडलं, तेवढ्या पैशात गावोगाव चुली पेटल्या असत्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "कमान माझ्या मुलाला हवी होती, मास्तर. मी सगळीच भांडणं जिंकत नाही." 

काकीचा डोळा वाचला. शेवटच्या तपासणीला मी आणि मॅडम दोघंही तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी गॉगल काढायला सांगितला. बाहेर आल्यावर काकीनं आधी माझ्याकडे बघून मी म्हातारा झाल्याचं जाहीर केलं. मग मॅडमची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "आयशीवर गेलीस गो," ती म्हणाली. मॅडम, ज्या कधी शब्दाला मागे सरत नाहीत, त्या फक्त "चल, गाडी चुकल" एवढंच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात मॅडमच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. पेन्शन आहे, मी फुकट करून घेणार नाही, असं म्हणत त्यांनी त्याच रुग्णालयात पैसे भरून ऑपरेशन केलं. मुलगा पुण्याला, सून नोकरीची. घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या दाराला कडी दिसली. मी थेंब घालायला म्हणून ओढा ओलांडून वाडीत गेलो. काकी मॅडमच्या स्वयंपाकघरात, चकचकीत फरशीवर, कमरेला खोचून आणलेली काडेपेटी हातात घेऊन उभी होती आणि समोर चूलच नव्हती.

"काकी, गॅस हाय तो," मॅडम आतल्या खाटेवरून ओरडत होत्या. "लायटर खिळ्याला टांगलाय बघ. आधी बटन फिरव, मग दाब."

"दाबते तं नुसतं वाजतंय हे!"

"फिरवलंस काय आधी?"

भप्पकन जाळ झाला. काकी दोन पावलं मागे उडाली आणि तिनं गॅसच्या सात पिढ्या काढल्या. मी मदतीला पुढे झालो तर मला बाप्या म्हणून हाकललं. मग तिनं पीठ मळलं. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली, आणि सबंध वेळ त्या निळ्या जाळाला धाकात ठेवल्यासारखी बोलत राहिली. मॅडम आतून तवा कुठे, मीठ कुठे ते सांगत होत्या.

"माज्यापायी एवढं कशाला, काकी?" त्या मध्येच म्हणाल्या. "ट्रस्टची बाई येनार होती."

काकीनं भाकरी उलटली. "तुज्या आयशीला मी कदी आत नाय घेतली," ती म्हणाली. "तहानेली उभी ऱ्हायची अंगनात. ते मला आता दिसतंय." आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

स्वयंपाक झाला. काकीनं मॅडमना खाटेवर ताट नेऊन दिलं, मला खाली वाढलं. तिचा नेम मला माहीत होता. आता ती हात धुणार, पदर खोचणार आणि ओढा ओलांडून आपल्या घरी जाऊन चूल पेटवणार, असं मी धरूनच चाललो होतो. तिनं मांडणीवरून आणखी एक ताट काढलं. त्यात भाकरी घेतली, चटणी घेतली, आणि खाटेला पाठ टेकून फरशीवर जेवायला बसली.

 मॅडमनी गॉगलखाली बोट घातलं.

"हात लावू नको डोल्याला," काकी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "पानी नाय लागता कामा. रडायचं असंल तं बरी झाल्यावर रड."